साठीनंतर मोटारीत बसताना: पट्टा, सीट आणि शरीर

मराठवाड्यात नवी मोटार घरी आली की चाकांखाली लिंबू ठेवून तिची पूजा होते, पेढे वाटले जातात आणि बहुधा त्याच आठवड्यात सीटवर नवी कव्हरे चढतात. ही कव्हरे चढवताना मागच्या सीटवरची बेल्टची बकले कव्हराखाली गाडली जातात आणि पुढे वर्षानुवर्षे ती कोणी वर काढत नाही. त्याच मागच्या सीटवर, मांडीवर नातू आणि पायाशी तेलाचा डबा घेऊन, घरातली आजी तुळजापूरला किंवा परळीला निघालेली असते. अपघात झालाच तर गाडीतल्या माणसांपैकी सर्वांत लवकर मोडणारे शरीर तिचे असते आणि सुरक्षेची सर्वांत कमी सोय तिच्या जागेवर असते. गाडी किती महागाची आहे यापेक्षा तिच्यातल्या सोयी म्हाताऱ्या शरीराला नीट बसवून घेतल्या आहेत की नाहीत, यावर बरेच काही अवलंबून असते, आणि ते बसवून घेण्याला फारसा खर्च येत नाही.

आधी धक्का म्हणजे काय ते पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली, तर आतल्या माणसाच्या शरीराला जी ऊर्जा जिरवावी लागते ती सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, पडल्यावर जिरवावी लागते तेवढीच असते. वेग दुप्पट करून ८० केला की ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे २५ मीटर किंवा आठ मजले. मोटारीचा पुढचा भाग चेपतो तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. चेपण्याच्या त्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या अंतरात गाडीचा वेग उतरतो. पट्टा लावलेला माणूस गाडीला बांधलेला असल्यामुळे त्यालाही थांबायला तेवढे अंतर मिळते. पट्टा न लावलेला माणूस मात्र गाडी थांबली तरी आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या सीटवर, काचेवर किंवा पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर आदळून काही सेंटिमीटरांत थांबतो. हातांनी धरून राहीन, हा विश्वास इथे कामाचा नाही; तरण्याताठ्या माणसाच्या हातांतही तेवढी ताकद नसते.

हाच धक्का तिशीतल्या आणि सत्तरीतल्या शरीरात वेगवेगळा उतरतो. वयाबरोबर हाडांतील खनिजे कमी होतात, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ही झीज अधिक वेगाने होते. बरगड्या पातळ होतात, त्यांना उरोस्थीशी, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाशी, जोडणारी लवचिक कूर्चा कडक होते आणि छातीचा पिंजरा वाकण्याऐवजी तडकतो. तरुणाला ज्या धक्क्याने छातीवर नुसता वळ उठेल, त्याच धक्क्याने आजोबांच्या तीन-चार बरगड्या मोडू शकतात. खरा धोका पुढच्या आठवड्यात असतो, कारण वेदनेमुळे खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. अपघातातून वाचलेला माणूस दहाव्या दिवशी दगावला, असे आपण ऐकतो, त्यामागे पुष्कळदा हीच साखळी असते.

यावर कोणी म्हणेल की मग छातीवर पट्टा हवाच कशाला. उत्तर असे, की पट्टा नसताना छाती जिथे आदळते ती जागा पट्ट्यापेक्षा कितीतरी कठीण असते; फक्त पट्टा योग्य हाडांवरून गेला पाहिजे. खालचा भाग पोटावरून न जाता कमरेच्या दोन्ही हाडांवर, मांडी जिथे सुरू होते तिथे, सपाट बसला पाहिजे, कारण पोटावरचा पट्टा आतडी आणि यकृत चिरडू शकतो. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून, गळपट्टीच्या हाडावरून छातीच्या मधोमध आला पाहिजे. ‘बेल्ट मानेला काचतो’ म्हणून तो काखेखालून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते आणि ती फार वाईट, कारण मग सगळा भार खालच्या, नाजूक बरगड्यांवर येतो. पट्टा काचत असेल तर बाजूच्या खांबावरची त्याची उंची कमी-जास्त करण्याची खुंटी पाहावी, नाहीतर सीट थोडी वर घ्यावी. थंडीत शाल पांघरून तिच्यावरून पट्टा लावला की पट्टा आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटांची ढील राहते आणि तेवढ्या अंतरात शरीराला वेग मिळतो. म्हणून पट्टा शालीच्या आतून लावावा आणि शाल वरून पांघरावी. नऊवारीचा किंवा सहावारीचा पदरही पट्ट्याखाली गोळा होऊ देऊ नये. सीट मागे पाडून झोपून प्रवास करणे सुखाचे वाटते, परंतु तशा स्थितीत धडक झाली तर माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेवरचा पट्टा पोटात जातो.

पेसमेकर बसवलेल्यांना पट्ट्याची विशेष भीती वाटते. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. आपल्या गाड्यांत उजवीकडे बसणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि डावीकडे बसणाऱ्याचा डाव्या खांद्यावरून. त्यामुळे अशा व्यक्तीला चालकाच्या मागच्या, उजव्या सीटवर बसवले की पट्टा पेसमेकरवर येतच नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती सहसा कोणी सांगत नाही.

मागच्या सीटचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या माणसाला गोपीनाथ मुंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत, विमानतळाकडे जाताना, त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली; ते ६४ वर्षांचे होते आणि मागच्या सीटवर बसले होते. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो अशी समजूत असते, तो लावला असता तर मुंडे वाचू शकले असते, असे तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे म्हटले. तो अपघात महामार्गावरच्या भरधाव वेगातला नव्हता, शहरातल्या रस्त्यावरचा होता, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावे. ‘गावातच तर जायचे आहे’ या सबबीत काही दम नाही.

कायद्याच्या दृष्टीने केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ प्रमाणे समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. दंड सहसा पुढच्या सीटवरच्यांनाच होतो, म्हणून मागचे निर्धास्त असतात. पट्टा न लावता पीं-पीं आवाज बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपाही बाजारात आल्या होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचे आदेश दिले. तशी क्लिप अजून कोणाच्या गाडीत असेल तर ती काढून टाकावी. बकल झाकणारी सीट कव्हरेही कापून घ्यावीत. काही गाड्यांमध्ये सीटच्या कडेतून उघडणारी एअरबॅग असते आणि बाहेरून शिवून घेतलेले कव्हर तिची वाट अडवू शकते, त्यामुळे कव्हर शिवून घेण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहणे बरे.

आता ज्येष्ठांनी बसावे कुठे? आपल्याकडे मानाची जागा म्हणून वडील पुढे बसतात आणि आई मागे, पोरांमध्ये. सुरक्षेच्या हिशेबात मात्र दोघांचाही हक्क पुढच्या सीटवर सारखाच आहे. त्याचे कारण असे, की आधुनिक पट्ट्यात दोन करामती असतात: धडक लागताच पट्टा क्षणात ताणून ढील काढणारी एक, आणि छातीवरचा भार ठरावीक मर्यादेपुढे जाऊ लागला की पट्टा थोडा सैल सोडणारी दुसरी. पातळ बरगड्यांसाठी ही दुसरी करामत फार मोलाची आहे, परंतु पुष्कळ गाड्यांत ती पुढच्या दोन सीटपुरतीच असते. त्यामुळे नव्या गाड्यांमध्ये, पट्टा लावलेल्या ज्येष्ठांसाठी पुढची सीट मागच्यापेक्षा कमी धोक्याची ठरते, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे. देवदर्शनाला निघालेली समोरासमोर बाके असलेली जीप किंवा काळी-पिवळी यांत आडव्या बाकावर बसणाऱ्याला यांपैकी कशाचेही संरक्षण नसते. वयस्कर माणसांना तिथे बसवू नये, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

हेडरेस्ट हे डोके टेकवून डुलकी काढण्यासाठी दिलेले नसते. मागून दुसऱ्या वाहनाची धडक बसली की धड पुढे ढकलले जाते, डोके मागे राहते आणि मान हिसडते. ज्याच्या मानेच्या मणक्यांत आधीच ‘गॅप’ आहे त्याला हा हिसका जन्माचे दुखणे देऊ शकतो. हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या टाळूइतके, निदान कानांच्या वरच्या कडेइतके उंच असावे आणि डोक्यापासून फार मागे नसावे.

गाडी स्वतः चालवणाऱ्या ज्येष्ठांनी सीटची जुळवणी एकदा दुसऱ्या कोणाला बाजूला उभे करून पाहावी. अमेरिकेत ‘कारफिट’ नावाचा उपक्रम नेमके हेच करतो: प्रशिक्षित माणसे ज्येष्ठ चालकाला त्याच्याच गाडीत बसवून मोजमापे घेतात. त्यांतली दोन मापे घरी सहज घेता येतात. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, कारण तिथली एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते आणि तिच्या फुगण्याच्या वाटेत छाती असेल तर तीच इजा करते. दुसरे, नजर स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा साधारण ८ सेंटिमीटर वर असावी. वयाबरोबर उंची थोडी घटते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बसवलेली सीट आज खाली पडत असते. बसकण उंच करायला घट्ट, न घसरणारी उशी घ्यावी. लाकडी मण्यांचे आसन पाठीला गार वाटते, पण त्यावरून माणूस घसरतो.

डोळ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण इथे माणूस स्वतःला सर्वांत जास्त फसवतो. बाहुली वयाबरोबर लहान होते, भिंग पिवळट होते आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. दिवसा हे जाणवत नाही, कारण उन्हात प्रकाश मुबलक असतो. म्हणून दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारे काका रात्री मांजरसुंब्याच्या घाटात मात्र अंदाजाने गाडी हाकत असतात. समोरून कोणी अप्पर मारला की डोळे दिपतात आणि ते पूर्ववत व्हायला तरुणापेक्षा जास्त सेकंद लागतात. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, त्यामुळे तीन सेकंद दिपणे म्हणजे पासष्ट मीटर आंधळेपणाने चालवणे. सुरुवातीचा मोतीबिंदू हा त्रास वाढवतो, कारण ढगाळ भिंगात प्रकाश विखुरतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांचे अपघात ती न करून घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. तेव्हा ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबणाऱ्यांनी गाडी चालवत असल्यास तसे डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रात्रीसाठी म्हणून विकला जाणारा पिवळा चष्मा मात्र घेऊ नये. आधीच कमी असलेला प्रकाश तो आणखी कमी करतो. त्यापेक्षा समोरची काच आतून पुसून घेणे अधिक उपयोगाचे, कारण आतल्या बाजूच्या तेलकट थरामुळेच समोरचा प्रकाश पसरतो.

लातूर, धाराशिव, बीड आणि परभणी या जिल्ह्यांत गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या येतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. कमी प्रकाशात आणि समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात अशी ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. माझे मत स्पष्ट आहे: साठीच्या पुढच्या चालकाने दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत सूर्य मावळल्यावर या रस्त्यांवर गाडी घेऊन जाऊच नये.

समृद्धी महामार्गावर प्रश्न वेगळा आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दिसणे, समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांना तरुणाला दीड सेकंद लागला तर गाडी ५० मीटर गेलेली असते. वयामुळे त्यात एका सेकंदाची भर पडली की ८३ मीटर, आणि ब्रेक लागायला तर अजून सुरुवातही झालेली नसते. मर्यादा १२० आहे याचा अर्थ १२० ने जावेच असा नाही. डाव्या लेनमधून ८०-९० ने जाण्यात कमीपणा मानू नये. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. त्याने झापड जाते आणि तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो.

ज्येष्ठ चालकांचे अपघात बेफाम वेगाने तुलनेने कमी आणि चौकात, वळणावर अधिक होतात. आपल्याकडे त्याचे रूप म्हणजे फाटा. सोलापूर–धुळे महामार्गावरून गावाच्या फाट्याला उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग जोखणे, मान वळवून बाजूचे पाहणे आणि वळायचे की थांबायचे हे ठरवणे, ही तीन कामे एका क्षणात करावी लागतात, आणि वयाबरोबर नेमकी हीच तिन्ही मंदावतात. दुभाजकातल्या ढाब्यासमोरच्या अनधिकृत फटीतून वळण्यापेक्षा एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन पुलाखालून फिरून येणे वेळखाऊ असले तरी बरे.

क्लच नसलेली गाडी गुडघे धरलेल्या माणसाला मोठा दिलासा देते, यात शंका नाही. पण तीस-चाळीस वर्षे क्लचची गाडी चालवलेल्या माणसाच्या डाव्या पायाला दाबण्याची सवय असते, आणि ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडताच आपणहून सरकू लागते. गोंधळून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेल्याचे प्रकार बहुधा घराच्या फाटकाशी किंवा पार्किंगमध्ये घडतात. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवून पंजा फक्त वळवावा, डावा पाय बाजूला ठेवावा आणि चप्पल किंवा कोल्हापुरीऐवजी टाचेला पट्टा असलेले पायताण घालावे.

औषधांकडे चालकाच्या नजरेने आपण पाहतच नाही. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकादशीला, चतुर्थीला किंवा नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड आणि मग डोक्यात धुके. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असताना गाडी चालवणे म्हणजे दारू पिऊन चालवण्यासारखेच. गाडी कडेला घ्यावी, किल्ली काढावी, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, आणि साखर वर आली तरी लगेच निघू नये. मेंदू पूर्ववत होण्यासाठी साखर ९० च्या वर आल्यानंतर आणखी ४५ मिनिटे थांबावे, असा सल्ला ब्रिटनमध्ये चालकांना दिला जातो. उपवास असेल त्या दिवशी गोळीचे काय करायचे हे आदल्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये. सर्दीची सेटिरिझिन, झोपेची गोळी आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही झापड किंवा चक्कर आणतात.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे असताना ‘तुम्ही बसा गाडीत, आम्ही पटकन कापड बघून येतो’ असे म्हणून आजोबांना बंद मोटारीत सोडून जाऊ नये. उन्हातल्या मोटारीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. वृद्धांना घाम उशिरा येतो, तहान कमी जाणवते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आधीच कमी असते.

अपघातानंतर ज्येष्ठ माणूस चालत बाहेर येतो आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणतो. हृदयविकारामुळे तो रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर डोक्याला लागलेल्या लहानशा मारातूनही आत हळूहळू रक्त साठू शकते आणि लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. अशा वेळी घरी न जाता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि गोळीचे नाव सर्वांत आधी सांगावे. त्यासाठी चालू औषधे, रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला बरा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक त्याच कागदावर वर लिहावेत.

गाडी चालवणे केव्हा थांबवावे, याला कायद्याने कमाल वय ठरवलेले नाही. वयाच्या ५५ नंतर परवाना ५ वर्षांसाठीच मिळतो आणि चाळिशीनंतर नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, पण ते प्रमाणपत्र किती बारकाईने तपासून दिले जाते हे आपण सगळे जाणतो. म्हणून खरा निर्णय घरातच होतो, आणि तो एका दिवसात किल्ली काढून घेऊन करणे क्रूरपणाचे आहे. माझ्या एका मामांनी तो टप्प्याटप्प्याने केला: आधी रात्रीचे जाणे सोडले, मग महामार्ग, मग शेतापर्यंतची फेरी तेवढी ठेवली. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, तेव्हा लातूरला ते आता बसने जातात. तुळजापूरला जायचे झाले की शेजारच्या मुलाला दोन दिवस आधी सांगून ठेवतात आणि स्वतः पुढे बसतात. गाडी निघण्यापूर्वी पट्टा लावायला त्या मुलालाच सांगावे लागते.